फुलदाणीचा सातबारा

जुनी फुलदाणी हातात आली की जाणकार माणूस आधी ती उलटी करतो. नक्षी, रंग, पानाफुलांत बसलेले पक्षी हे सगळं तो मागाहून बघतो. आधी बघतो ते बूड. ती कुठे घडली, कुणाच्या हातून घडली आणि कुणाकुणाच्या घरी राहून आली, याच्या खुणा तिथेच सापडतात. काही अक्षरांत असतात, काही ओरखड्यांत.

जमीन घेताना आपण हेच करतो. शिवार कितीही हिरवंगार दिसलं तरी आधी सातबारा काढतो. सातबारा म्हणजे दोन वेगळे नमुने एकत्र जोडलेले. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर आहे ते कळतं, बारामध्ये त्या जमिनीत कोण काय पिकवतं ते. आणि मालक कसे बदलत गेले हे बघायचं तर नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदीखत, बक्षीसपत्र, वारसनोंद, वाटणी, प्रत्येक बदलाची तिथे एक नोंद असते. एखादी नोंद मधूनच गायब असली की वकील मान हलवतो.

जुन्या कलावस्तूंनाही असा सातबारा असतो. संग्रहालयं आणि लिलावघरं त्याला ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणतात. मराठीत मालकीची साखळी म्हणू या. ही साखळी कशी वाचतात, कुठे तुटते आणि तुटली की काय करतात, हे मी व्हिक्टोरियन काळातल्या कलात्मक मातीकामाच्या आधारे सांगणार आहे. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१. त्या काळात लंडनच्या नदीकाठी ज्या प्रकारची भांडी घडत होती, त्याच घराण्यातली भांडी मुंबईतही घडत होती, जे. जे. कलाशाळेत. हा धागा आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला तोच सर्वांत मोलाचा आहे. पण तिथे पोहोचायला आधी लंडनहून जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये मातीची भांडी कारखान्यांत हजारोंनी निघायला लागली होती. छापील नक्षी, साच्यातला आकार, एकासारखं दुसरं. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर तिथल्या विचारी लोकांना हे बोचू लागलं. यंत्राने स्वस्ताई आली, पण कारागिराचा हात गेला. मग काही कारखान्यांनी आणि काही हट्टी माणसांनी पुन्हा हाताने घडवलेली, एकेक वेगळी अशी भांडी करायला घेतली. ‘आर्ट पॉटरी’ हे नाव त्यातून आलं. फुलदाणी हा तिचा सर्वांत लाडका प्रकार, कारण तिच्याकडून कामाची अपेक्षा कमी आणि शोभेची जास्त.

लॅम्बेथच्या डोल्टन कारखान्याची गोष्ट यात मला फार आवडते. थेम्सच्या दक्षिण काठावर हेन्री डोल्टन १८४६ पासून सांडपाण्याचे पाइप बनवत होते. शहरं आजारांनी त्रासलेली होती, घराघरांतली घाण वाहून नेणारे न गळणारे पाइप सगळ्यांना हवे होते. ती माती घट्ट, दगडासारखी भाजलेली आणि तिच्यावर मिठाची झिलई. ही झिलई रंगासारखी लावत नाहीत. भट्टी लालभडक तापली, साधारण बाराशे अंशांच्या वर गेली, की वरून मीठ टाकतात. मिठाची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी मिळतं आणि भांड्यावर काचेसारखा पातळ थर चढतो. हात लावला तर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खरखरीत लागतो. शेजारच्या लॅम्बेथ कलाशाळेचे प्रमुख जॉन स्पार्क्स यांनी डोल्टनना पटवलं की याच मातीत, याच भट्टीत माझे विद्यार्थी कलेची भांडी करतील. शिल्पकार जॉर्ज टिनवर्थ आले. १८७१ मध्ये हॅना बार्लो आली आणि पुढे चार दशकं तिने ओल्या मातीवर टोकदार हत्याराने घोडे, हरणं, मेंढ्या कोरल्या. कोरलेल्या रेषेत रंग भरायचा, मग भाजायचं. तिची बहीण फ्लोरेन्सही तिथेच काम करी. तिने पक्षी निवडले. दोघी एकमेकींच्या प्रांतात शिरत नसत.

आता ही हॅना बार्लोची फुलदाणी उलटी करा.

बुडाशी कारखान्याचा शिक्का: डोल्टन, लॅम्बेथ. बऱ्याच भांड्यांवर सालही दाबलेलं. त्याच्या शेजारी हाताने कोरलेली हॅनाची जोडाक्षरी सही, तिच्या आद्याक्षरांची एकमेकांत गुंतलेली आकृती. आणि त्याहून लहान आणखी एकदोन खुणा. त्या साहाय्यकांच्या, म्हणजे ज्या मुलींनी किनारीचे ठिपके बसवले, पानांची पट्टी भरली त्यांच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर या फुलदाणीचा नमुना बारा पुरता भरलेला आहे: शेत कुणाचं होतं याच्या जोडीला ते कुणी कसलं, हेही त्यावर आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी पोटासाठी काम करणाऱ्या एका मुलीची खूण आज कुणीही वाचू शकतो. मला यात मोठं काहीतरी वाटतं.

बुडावरच्या इतर खुणाही बोलक्या असतात. ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदणी केलेल्या नमुन्यांवर समभुज चौकोनाचा शिक्का असे. त्याच्या डोक्यावर मातीकामाच्या वर्गाचा रोमन चार आणि कोपऱ्यांत दिवस, महिना, वर्ष सांगणारी अक्षरं-आकडे. १८६८ पासून अक्षरांच्या जागा बदलल्या, त्यामुळे जुना तक्ता लावून वाचलं तर साल चुकतं. १८८४ पासून चौकोन गेला आणि सरळ नोंदणी क्रमांक आला. लक्षात ठेवायचं ते असं की हा शिक्का नमुना कधी नोंदवला ते सांगतो. भांडं त्यानंतर कितीही वर्षांनी निघालेलं असू शकतं. नुसतं ‘इंग्लंड’ असं दाबलेलं दिसलं तर भांडं बहुधा १८९१ नंतरचं. कारण १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव बंधनकारक केलं आणि इंग्रज कारखानदारांनी आपला शिक्का बदलला. दूरच्या देशातल्या जकातीने इंग्लंडमधल्या फुलदाणीचं वय ठरवावं, असे धागे या कामात पावलोपावली भेटतात.

इथे मुंबईकरांसाठी एक सावधगिरी. इंग्रजी ‘जे. जे.’ ही दोन अक्षरं बुडाशी दिसली की आपल्याला लगेच फोर्टमधली शाळा आठवेल. पण विल्यम डी मॉर्गन या इंग्रज कुंभाराकडे ‘जो जस्टर’ या नावाचा एक चित्रकारागीर होता आणि तो आपल्या कामावर हीच आद्याक्षरं घालत असे. डी मॉर्गनची भांडी तांब्याचांदीच्या क्षारांनी आणलेल्या धातूसारख्या चमकेसाठी ओळखली जातात. चेल्सी, मग मर्टन अ‍ॅबी, मग फुलहॅम असा त्याचा कारखाना फिरत राहिला आणि १९०७ मध्ये बंद पडला. तेव्हा अक्षरं दोनच असली तरी झिलई, माती आणि नक्षी यांची साक्ष घेतल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

इथवर झाली जन्माची नोंद. आता मालकांकडे येऊ.

मालक आपली नावं बुडाशी कोरत नाहीत, पण खुणा ठेवून जातात. फुलदाणीच्या पायाची गोल कड बोटाने चाचपून बघा. शंभर वर्षं कपाटावरून उचलली, पुसली, परत ठेवली गेली असेल तर ती कड गुळगुळीत झालेली असते आणि तिथे बारीक, वेगवेगळ्या दिशांचे ओरखडे असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेचे असतील तर कुणीतरी सॅंडपेपरने वय चढवलंय असा संशय घ्यावा. आत बॅटरीचा उजेड टाका. पाण्याच्या क्षाराची पांढरी रेघ दिसली तर त्या घरात तिच्यात खरोखर फुलं ठेवली जात होती. तळाला मधोमध भोक दिसलं तर बहुतेक वेळा घरी वीज आल्यावर कुणीतरी तिचा टेबललॅम्प केला होता. वायर जायला जागा हवी म्हणून. संग्राहक अशा भोकावर हळहळतात, किंमत पडते. मला मात्र ते भोक एका पिढीची नोंद वाटतं: त्या घरात दिवा आला, फुलदाणी जुनाट वाटू लागली आणि तरीही ती टाकून देववली नाही. मागच्या बाजूला धातूचे बारीक टाके दिसले तर ती फुटली होती आणि चांगला गोंद मिळण्याआधीच्या काळात कुणीतरी पैसे मोजून ती सांधून घेतली होती. टाके घालून घेणारा मालक तिच्यावर जीव असलेला असतो.

मग कागदाच्या चिठ्ठ्या. दुकानाचं लेबल, लिलावातला लॉट क्रमांक, प्रदर्शनाचं तिकीट, खडूने लिहिलेला आकडा. विकणारी मंडळी हौसेने भांडं चकचकीत धुतात आणि सत्तर-ऐंशी वर्षांची नोंद पाच मिनिटांत मोरीत वाहून जाते. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो.

भांड्यावरचं वाचून झालं की कागदपत्रं. कारखान्याच्या वह्या, मृत्यूनंतर केलेल्या घरातल्या सामानाच्या याद्या, मृत्युपत्रं, जुने फोटो. दिवाणखान्यात बसलेल्या कुटुंबाच्या फोटोत मागच्या शेल्फवर तीच फुलदाणी दिसली की संशोधकाला दुसऱ्या पुराव्याची फारशी गरज उरत नाही. लिलावघरांच्या जुन्या यादीपुस्तिका तर खाणच आहेत. त्यांच्या काही प्रतींत समासात विकत घेणाऱ्याचं नाव आणि किंमत हाताने लिहिलेली असते. काम दोन्ही टोकांनी चालतं. एका बाजूने घडवणाऱ्यापासून पुढे यायचं, दुसऱ्या बाजूने आजच्या मालकापासून मागे जायचं. बोगदा खणतात तसं. मधे कुठेतरी दोन्ही बाजू भेटल्या तर साखळी पूर्ण.

ही साखळी लिहिण्याची एक छान पद्धत अनेक संग्रहालयं पाळतात आणि ती फक्त विरामचिन्हांवर चालते. दोन मालकांमध्ये अर्धविराम असेल तर वस्तू एकाकडून थेट दुसऱ्याकडे गेली. पूर्णविराम असेल तर मधे खंड आहे. समजा असं लिहिलंय: ‘लंडनमधील विक्रेता; त्याच्याकडून एका डॉक्टरने खरेदी; वारसाने मुलीकडे. लिलाव, १९६२; संग्रहालय.’ मुलीनंतर पूर्णविराम आहे. म्हणजे मुलीच्या घरातून ती लिलावापर्यंत कशी आली याला कागद नाही. तिने विकली, हरवली, चोरीला गेली, दान दिली, काहीही असेल. शंभर शब्दांत झाकता येणार नाही अशी गोष्ट एका टिंबाने कबूल केलेली असते. लिलावाच्या भाषेतही असे संकेत आहेत. ‘वारसाने’ म्हणजे घरातल्या घरात. ‘खाजगी संग्रह’ म्हणजे नाव सांगायचं नाही. ‘अमुकच्या शैलीत’ म्हणजे अमुकने केलेलं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? एक कारण पैशाचं. नामवंत संग्राहकाच्या घरातून आलेल्या फुलदाणीला जास्त भाव मिळतो. दुसरं कारण चोरीचं. साखळीत खंड असेल तर वस्तू लुटीची असू शकते आणि आज ती घेणारा उद्या कोर्टात उभा राहू शकतो. तिसरं कारण बनावटीचं, आणि इथे गंमत उलटी होते. जॉन ड्रू नावाच्या इंग्रज ठकाने चित्रांच्या नकला दुसऱ्याकडून करून घेतल्या, पण त्याची खरी हातचलाखी चित्रांत नव्हती. त्याने लंडनच्या प्रतिष्ठित संग्रहालयांच्या दफ्तरांत शिरून तिथल्या जुन्या कागदांत आपले खोटे कागद मिसळले. चित्र तपासणारे दफ्तर बघायला गेले की त्यांना ‘पुरावा’ हजर. १९९९ मध्ये त्याला शिक्षा झाली. म्हणजे फेरफारच खोटा घातला तर सातबारा कितीही स्वच्छ असून काय उपयोग? म्हणूनच भांडं आणि कागद, दोघांची साक्ष जुळावी लागते.

कधीकधी मालकाचा स्वभावच भांड्याचं नशीब ठरवतो. मार्टिन बंधू चौघे होते. १८७३ मध्ये फुलहॅमला सुरुवात करून १८७७ मध्ये ते साउथॉलला गेले. हो, तेच साउथॉल जे आज लंडनमधली भारतीय वस्ती म्हणून आपल्याला ठाऊक आहे. थोरला रॉबर्ट वॉलेस विचित्र, माणसासारखे चेहरे असलेले पक्षी घडवी. होबर्नजवळच्या दुकानात विक्रीला बसे चार्ल्स, आणि त्याचा जीव भांड्यांत असा अडकलेला की आवडतं भांडं विकायला तो तयार नसे. गिऱ्हाइकांपासून वाचवायला तो भांडी जमिनीच्या फळ्यांखाली लपवून ठेवी असं सांगतात. १९०३ मध्ये त्या दुकानाला आग लागली, साठवलेलं बरंच काही गेलं आणि चार्ल्स त्यातून सावरला नाही. मार्टिन बंधूंच्या भांड्यांवर बहुधा नाव, गाव, महिना आणि साल हाताने कोरलेलं असतं, त्यामुळे जन्मतारखेची अडचण येत नाही. पण जन्म आणि पहिली विक्री यांत खंड दिसला तर चार्ल्सची आठवण ठेवावी.

याच्या उलट विल्हेल्मिना स्टर्लिंग. ही डी मॉर्गनच्या बायकोची, चित्रकार एव्हलिनची धाकटी बहीण. डी मॉर्गन १९१७ मध्ये गेला, एव्हलिन १९१९ मध्ये. दोघांच्या कामाची चव लोकांच्या तोंडून उतरलेली होती, व्हिक्टोरियन म्हटलं की नाकं मुरडण्याचे ते दिवस. त्या काळात ही बाई दोघांची चित्रं आणि भांडी जमवत राहिली, बॅटरसीच्या जुन्या घरात ठेवत राहिली, येणाऱ्याला दाखवत राहिली. १९६५ मध्ये ९९ व्या वर्षी ती वारली आणि तो संग्रह मोडून विकला जाऊ नये अशी सोय करून गेली. आज डी मॉर्गनच्या भांड्यांवरचा बराच अभ्यास त्या संग्रहाच्या आधाराने चालतो. एका मालकिणीच्या हट्टाने नमुना सात आणि बारा दोन्ही शाबूत राहिले.

आता मुंबई.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. १८६५ मध्ये तिथे जॉन लॉकवूड किपलिंग शिकवायला आले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना मुंबईत मुलगा झाला, तो ‘जंगल बुक’वाला रुडयार्ड, म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण किपलिंग स्वतः तरुणपणी इंग्लंडमधल्या बर्स्लेमच्या पिंडर-बोर्न या भांड्यांच्या कारखान्यात तयार झालेले होते. पुढे हाच कारखाना डोल्टननी घेतला. म्हणजे लॅम्बेथचा आणि मुंबईचा मातीकामाचा धागा एका माणसाच्या शिक्षणातून जातो.

मुंबईत भट्टी पेटवली ती मात्र त्याच शाळेतल्या जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी, १८७३ च्या सुमारास. इथे नुसती इंग्लंडची नक्कल झाली नाही याचं कारण सिंध. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. १९३६ पर्यंत तो इलाख्यातच होता. त्यामुळे सिंधमधल्या हाला गावचे आणि आसपासचे झिलईची भांडी आणि फरश्या करणारे कुंभार मुंबई सरकारच्या हद्दीतले. टेरींनी त्यांतले चांगले कारागीर मुंबईला आणले. त्यांची रीत अशी: लालसर मातीचं भांडं चाकावर घडवायचं, त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा म्हणजे रंग उजळ दिसतात. नक्षीच्या रेषांवर सुईने भोकं पाडलेला कागद भांड्यावर धरायचा आणि कोळशाची पूड झटकायची. ठिपक्यांच्या कागदाने रांगोळी काढतो तसंच. मग ठिपके जोडून रंग भरायचे. कोबाल्टचा गडद निळा, मॅंगनीजचा जांभळट तपकिरी. तांबं मोठं लहरी: क्षारयुक्त झिलईत ते फिरोजी होतं, शिसं असलेल्या झिलईत हिरवं. एकच धातू, पण तो कुठल्या झिलईत विरघळतो त्यावर रंग ठरतो, आणि हे त्या कुंभारांना पिढ्यान् पिढ्या हाताने ठाऊक होतं.

भारतीय कलाकुसरीवर लिहिणाऱ्या जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० मध्ये लिहिलं की मुंबईत निघणारी ही भांडी सिंधच्या अस्सल भांड्यांपासून ओळखणं कठीण झालंय. त्यांना हे कौतुकाने म्हणायचं होतं. पण साखळी लावणाऱ्याला यातून मोठी डोकेदुखी कळते. ज्यावर शिक्का नाही असं मुंबईचं भांडं ‘सिंध’ म्हणून कुठल्याही कपाटात बसलेलं असू शकतं.

सुदैवाने एक प्रकार लगेच ओळखू येतो. १८७२ पासून कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते. लेण्यांतली चित्रं कॅनव्हासवर उतरवून घेण्याचं हे काम १८८५ पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजी त्याच विद्यार्थ्यांतले. तिथली चित्रं शाळेत आली आणि कुंभारकामाच्या विभागात ती भांड्यांवर उतरली. हंस, कमळं, हत्ती, वेलींच्या पट्ट्या. लेण्याच्या भिंतीवरची दीड हजार वर्षांपूर्वीची रेघ सिंधच्या झिलईखाली, मुंबईच्या फुलदाणीच्या पोटावर. टेरींच्या भांड्यांना ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ असंही नाव मिळालं. काही भांड्यांवर ते, तर काहींवर ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ असं कोरलेलं आढळतं. १८८५ मध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत ग्रिफिथ्स यांनी पाठवलेल्या बऱ्याच प्रती जळाल्या. त्या पिढीने अजिंठ्यात काय पाहिलं याची एक साक्ष म्हणूनही ही भांडी आता जपायला हवीत.

त्यांच्या मालकांचा माग काढताना एक खड्डा हमखास लागतो. जुन्या नोंदीत ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ असं दिसलं की आजचा वाचक लंडन समजतो. पण लंडनच्या संग्रहालयाला हे नाव १८९९ मध्ये मिळालं. त्याआधी ते साउथ केन्सिंग्टन म्युझियम होतं. भायखळ्याला राणीच्या बागेत १८७२ मध्ये उघडलेलं आपलं संग्रहालय त्याआधीपासून व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाचं. १९७५ मध्ये त्याचं नाव बदलून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं. म्हणजे नोंद १८९९ पूर्वीची असेल तर भायखळा, नंतरची असेल तर दोन्ही शक्यता तपासायच्या. लंडनकडे गेलेल्या वस्तूंसाठी आणखी एक साल लक्षात ठेवावं: १८७९. ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ मध्ये सुरू केलेलं लंडनमधलं इंडिया म्युझियम तेव्हा मोडलं आणि त्यातल्या वस्तू साउथ केन्सिंग्टन, ब्रिटिश म्युझियम आणि लंडनची ‘क्यू’ वनस्पतिबाग अशा वाटल्या गेल्या. त्या वाटणीतून आलेल्या वस्तूचा नवा क्रमांक नव्या घरातल्या प्रवेशाचं साल सांगतो. तिचं खरं वय त्याहून जास्त असतं.

भायखळ्याच्या संग्रहालयात या मातीकामाची कपाटं आहेत. पिवळ्या, निळ्या, तपकिरी झिलईची भांडी ओळीने उभी. लोक राणीच्या बागेतले पेंग्विन बघायला जाता जाता आत डोकावतात आणि बहुतेक वेळा पुढे निघून जातात. मी तिथे उभा राहतो तेव्हा मला लॅम्बेथच्या फुलदाण्यांची बुडं आठवतात. तिथे हॅनाची सही, तिच्या साहाय्यक मुलीची खूण. इथे शाळेचं नाव, कारखान्याचं नाव, फार तर टेरींचं. नमुना सात भरलेला: सरकारी शाळा, संग्रहालय, लंडन. नमुना बारामध्ये मात्र हालाहून आलेल्या कुंभाराच्या नावाची जागा सहसा रिकामी. ज्याला तांब्याचा फिरोजी रंग नेमका कुठल्या आचेला उतरतो ते ठाऊक होतं, त्याने आपलं घर, आपली भाषा मागे ठेवून समुद्राकाठच्या या शहरात चाक फिरवलं. दोन्ही भांडी एकाच दशकातली, एकाच साम्राज्यातली. एका ठिकाणी मजुरी करणाऱ्या मुलीलाही खूण घालू दिली आणि दुसऱ्या ठिकाणी उस्तादालाही नाही. हा फरक कौशल्याचा असता तर भांड्यांत दिसला असता.

त्यामुळे ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांच्यावर थोडी जबाबदारी येते. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत, वाड्यांत, पारशी कुटुंबांत अशी एखादी फुलदाणी असू शकते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ती रविवारच्या जुन्या सामानाच्या बाजारात दिसू शकते. दिसली तर आधी बुडाचा फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात, म्हणजे पुसट कोरीव अक्षरं उठून दिसतात. चिठ्ठी असेल तर पाणी लागू देऊ नका. तडा असेल तर घरचा गोंद लावू नका. आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हेही मुलांना सांगून ठेवा. परदेशी निघालेल्या सामानात ती नकळत बांधली गेली तर विमानतळावर अडचण होते.

आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा: ही कुणी आणली, कुठून, कुणाच्या लग्नात, कुणाकडून. उत्तर अर्धवट आलं तरी चालेल. आजी म्हणाली ‘मामांच्या साहेबाने दिली होती’, तर तेवढंच लिहा, मामांचं नाव आणि नोकरीचं गाव जोडा. जिथे माहिती तुटते तिथे पूर्णविराम द्या, पदरचं काही घालू नका. तो कागद फुलदाणीच्या आत ठेवा. त्यावर आजची तारीख आणि आजीचं पूर्ण नाव घालायला विसरू नका.